विषय युक्तिवाद

मेरेटेनं डाग्नीचा शब्द पुरा केला, आणि तो भलताच निघाला. झालं ते एवढंच. कायदा विभागातली ती लहानशी खोली, खिडकीत निवडुंगाच्या कुंड्या, टेबलावर गाजराच्या कापांची डबी, आणि विद्यार्थ्यांना विषय निवडायला मदत करणारी मेरेटे. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच समजूतदार हसू असायचं. ‘शेवटच्या वर्षाचे तीन विषय पक्के झाले तुझे. चौथा कुठला?’ तिनं विचारलं. डाग्नी म्हणाली, ‘यु—’ आणि पुढचं अक्षर आलं नाही. ते कधी येतं आणि कधी येत नाही याला काही नियम नव्हता. जीभ जागेवर होती, छातीत श्वास होता, शब्द तर डोळ्यांपुढे लख्ख दिसत होता. पण घशात कुणीतरी आतून कडी घातल्यासारखं झालं. ‘यु— यु—’ डावा डोळा आपोआप मिटला. जबडा ताठरला. मेरेटेनं मान एका बाजूला कलती केली, भुवया उंचावल्या, आणि पाण्यात पडलेल्याला हात द्यावा तसा तिला शब्द दिला. ‘युरोपीय कर कायदा?’ ती म्हणाली. ‘अगं, किती छान! तुझ्यासाठी अगदी योग्य. सगळं लेखी असतं त्यात.’ आणि डाग्नीनं मान हलवली. होय म्हणून. मेरेटेनं तिथल्या तिथे संगणकावर विषय नोंदवून टाकला आणि गाजराची डबी पुढे केली. डाग्नीनं गाजरही घेतलं.

तिला म्हणायचं होतं ‘युक्तिवाद’. कोर्टात उभं राहून पक्षकाराची बाजू कशी मांडायची ते शिकवणारा विषय. दर आठवड्याला एक लुटुपुटूचा खटला, आणि हिवाळ्यात बाहेरच्या परीक्षकापुढे तोंडी परीक्षा. डेन्मार्कमधल्या आरहूसला शिकायला लागल्यापासून तिनं तो मनात धरून ठेवला होता. कुणाला सांगितला नव्हता. सांगितला असता तर समोरच्याचा चेहरा आधी कौतुकानं उजळला असता, मग हळूच चिंतेत पडला असता; तो बदल तिला पाठ होता. आता ती तोंडात गाजर घेऊन पायऱ्या उतरत होती. मे महिन्याचं ऊन निघालं होतं, आणि ऊन निघालं म्हणून पिवळ्या विटांच्या इमारतींमधल्या उतारावर सगळं विद्यापीठ अनवाणी पसरलं होतं, कुणी बिअर घेऊन, कुणी नुसतंच तोंड वर करून. तिला मेरेटेचा राग येत नव्हता. मेरेटे भली बाई होती. राग येत होता तो स्वतःच्या मानेचा. जीभ अडते तर अडो, जिभेचा दोष नाही. पण मान तर धडधाकट होती. मानेला नाही म्हणता आलं असतं. मान डावीउजवीकडे हलवायला काही अक्षरं लागत नाहीत. मग ती खालीवर का हलली? तिनं हात मागे नेऊन मान चाचपली, जणू दुसऱ्या कुणाची तरी तिथे बसवलेली आहे. गाजर गोड होतं, आणि ते गोड लागतंय याचीच तिला शिसारी आली. तिनं ते झुडपात थुंकलं. गवतावरची एक मुलगी चमकून बघू लागली. ‘काय झालं?’ तिनं विचारलं. ‘काही नाही,’ डाग्नी म्हणाली. हे दोन शब्द मात्र तिला कधीच अडत नसत.

रविवारी सकाळी आई तिला बेकरीत पाठवायची, तेव्हा ती सहासात वर्षांची असेल. तिळाचे पाव आणायचे असत. काउंटरपाशी तिचा नंबर पुकारला जाई, टाचा उंचावून ती बोलायला लागे, आणि ‘ति’वर गाडी रुते. मागे माणसं. पावांचा उबदार वास. बेकरीतली बाई कमरेत वाकून, गोड आवाजात, ‘कुठले गं बाळ, हे? की हे?’ एकदा तिच्या तोंडून ‘खसखस’ हा शब्द अगदी सहज घरंगळला, तेव्हापासून ती खसखशीचेच पाव आणू लागली. आईनं विचारलं, ‘खसखशीचे कसे गं?’ तर म्हणाली, ‘मला आवडतात.’ त्यानंतर तिच्या घरी वर्षानुवर्षं रविवारी खसखशीचे पाव आले. वाढदिवसाला आईनं मुद्दाम जास्त खसखस घातलेले. डाग्नीला खसखस मुळीच आवडत नव्हती. ती दातांत अडकते. पण जे बोलता येतं तेच आवडून घ्यायचं, हे ती इतक्या लवकर शिकली की खरं काय आवडतं तेच तिला कधीकधी आठवेना. तिच्याकडे एका शब्दाला चार शब्द तयार असत. शाळेतल्या बाई म्हणत, काय शब्दसंपत्ती आहे या मुलीची! ती शब्दसंपत्ती नव्हती, पळवाटा होत्या. कॉफीच्या दुकानात कपावर नाव लिहायला विचारतात, तिथे ती ॲना होई. विद्यापीठातल्या पहिल्या दिवशी सगळे गोल करून बसले आणि एकेकानं नाव सांगायचं ठरलं, तेव्हाही तिची पाळी येईतो छातीत असं काही धडधडलं की तोंडातून ‘ॲना’च निघालं. वर्गातला येप्पे नावाचा मुलगा पुढे कितीतरी दिवस तिला ॲना म्हणे, आणि ती ओ देई. स्वतःचं नाव सोडून दिलेल्या माणसानं एक विषय सोडला तर काय मोठंसं, असं तिला वाटून गेलं. आणि लगेच, सायकलचं कुलूप काढता काढता, वाटलं की नाही. नावाचं ठीक आहे, नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं असतं. हा विषय माझा मी शोधला होता.

शुक्रवार होता, म्हणून ती आईवडिलांकडे जेवायला गेली. बंदरामागच्या जुन्या वस्तीत त्यांचं घर. आई, लिस्बेट, दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस होती; दिवसभर तोंड उघडं ठेवून बसलेल्या, बोलू न शकणाऱ्या माणसांच्या वतीनं बोलायची तिला सवयच होती. बाप, फ्लेमिंग, कमी बोलायचा. त्याचाही शब्द अडायचा, डाग्नीपेक्षा जास्त. मासा तळलेला होता, नवे बटाटे होते, आणि तिघं जेवायला बसली होती.

‘मेरेटेनं मला युरोपीय क— क—’

‘कर कायदा दिला?’ आई म्हणाली. ‘युरोपातला? अगं, मग उत्तम! त्यातल्या मुलांना ब्रसेल्सला घेतात म्हणे. आणि तुझं लिहिणं तर काय, बघायलाच नको.’

‘आई, मला तो नकोय.’

‘मग दुसरा घे. त्यात काय. मुलांचे हक्क? नाहीतर ते पर्या—’

‘युक्तिवाद,’ डाग्नी म्हणाली. घरात तो शब्द लोण्यासारखा निघाला. तिला हसू यायचं बाकी राहिलं.

आईनं काटा खाली ठेवला. चेहरा उजळला नाहीच, थेट चिंतेवर गेला. ‘तो तोंडी असतो ना गं?’

‘असतो.’

‘मग कशाला? नाही, मी तुला अडवत नाही. पण मला सांग, सगळं सोडून नेमकं जिथं दुखतं तिथंच बोट का घालायचं? लंगड्या माणसानं धावायच्या शर्यतीतच का—’

‘मी लंगडी न— न—’

‘नाहीस, मला तसं म्हणायचं नव्हतं—’

‘आई!’ डाग्नी इतक्या जोरात ओरडली की फ्लेमिंगनं मान वर केली. ‘माझं वाक्य मला परत दे. तू घेतलंस ते. दे.’

आईचे कान लाल झाले. डाग्नीनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि अर्थातच ते आता आणखीनच अडलं. ‘मी लंगडी न—’ इथे कढईतला मासा गार होईपर्यंत अडलं असावं असं वाटलं. आईचे ओठ आपोआप हलत होते, ‘न’ला आकार देत होते. आयुष्यभराची सवय. तिनं हात तोंडावर धरला. ‘नाहीये,’ डाग्नी म्हणाली अखेर. ‘आणि असते तरी धावले असते.’

‘मी तुला मदत करते, डाग्नी.’ आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तीही काही ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हती. ‘लहानपणापासून मदतच केली. तुला काय वाटतं, मला हौस आहे? त्या चौकशीच्या दिवशी मी तिथं असते, तर ह्या तुझ्या बाबाच्या तोंडात बरोबर शब्द घातला असता. मी नव्हते, म्हणून दुसऱ्यानं घातला. तेव्हापासून मी कुठंही गप्प बसत नाही, कळलं?’

फ्लेमिंग उठला आणि ताटं उचलू लागला. त्या चौकशीबद्दल घरात कुणी बोलत नसे.

डाग्नी अकरा वर्षांची असताना फ्लेमिंग बंदरावर क्रेन चालवायचा. उंच काचेच्या खोलीत एकटा बसायचा, खाली जहाजं, भोवती समुद्रपक्षी. बोलायचं जवळजवळ नसेच. त्याच्यासारख्या माणसाला देवानं दिलेली नोकरी, असं आजोबा म्हणायचे. एक दिवस दोर घसरला, कंटेनर हेलकावा खाऊन ट्रकवर आदळला आणि ड्रायव्हरचा पाय गेला. दोर झटके खातोय, हे फ्लेमिंगनं मुकादमाला आधीच दोनदा सांगितलं होतं. चौकशीला बसलेल्या माणसांनी विचारलं, तुला आधी काही कळलं होतं का? तो सांगायला लागला, आणि पहिल्याच अक्षरावर अडला. टेबलाभोवती कोट घातलेली माणसं, पाण्याचे ग्लास, कुणीतरी पेनाचं टोपण काढतंय, लावतंय. शेवटी कंपनीकडून आलेला माणूस फार मायेनं म्हणाला, ‘म्हणजे त्या क्षणी तुझं लक्ष नव्हतं, असंच ना?’ आणि फ्लेमिंगनं मान हलवली. होय म्हणून. हे त्यानं डाग्नीला सांगितलं ते ती शाळा संपवून बाहेर पडली त्या उन्हाळ्यात, एकदाच. का हलवली, असं तिनं विचारलं नव्हतं. तिला ठाऊक होतं. ते सगळं संपावं म्हणून. त्या खोलीतून बाहेर पडता यावं म्हणून. समोरच्यांच्या चेहऱ्यावरची ती वाट बघण्याची वेदना थांबावी म्हणून. अडणाऱ्या माणसाला स्वतःपेक्षा समोरच्याचीच जास्त दया येते, हे न अडणाऱ्यांना कधी कळत नाही. त्यानंतर फ्लेमिंग इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी मोजून लावू लागला. आणि डाग्नीनं कायदा घेतला. सगळ्यांना सांगताना मात्र ती म्हणे की मार्क चांगले होते, म्हणून.

रात्री ती तिथेच राहिली. सकाळी फ्लेमिंगनं गळ काढले आणि नुसतंच तिच्याकडे बघितलं. ती कोट चढवून निघाली. मे महिन्यात लांब चोचीचे, हिरव्या काट्यांचे मासे किनाऱ्याजवळ येतात, तेव्हा बंदराच्या दगडी धक्क्यावर निम्मं गाव उभं असतं. त्या गर्दीत बापलेक शेजारी उभे राहिले. वारा होता. पलीकडे क्रेनची निळी डोकी दिसत होती, तो तिकडे पाठ करून उभा राहिला, नेहमीसारखा. त्याच्याबरोबर बोलणं म्हणजे तिला सुटीसारखं वाटायचं. दोघंही अडत, दोघंही थांबत, घाई कुणालाच नसे. एक वाक्य दोन मासे लागेपर्यंतही चालायचं. तिला खात्री होती की हा आपल्या बाजूनं असेल. दुसरं कोण असणार?

‘तो विषय,’ फ्लेमिंग म्हणाला, ‘न— नको घेऊस.’

तिला वाटलं, वाऱ्यामुळे चुकीचं ऐकू आलं. ‘काय?’

‘नको घेऊस. ते लोक ह—’ तो अडला. त्याची मान पुढे आली, ओठ थरथरले. ‘ह— ह—’

‘हरवतील?’ डाग्नी म्हणाली. ‘मी हरेन असं वाटतंय तुला? बाबा, तुलासुद्धा?’

म्हणून झाल्यावर तिला कळलं की तिनं काय केलं. पाण्यातला गळ ओढला जात होता, रीळ किरकिरत होतं, पण दोघांपैकी कुणी हललं नाही. फ्लेमिंगनं तिच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, पण आडवी. नाही म्हणून. सावकाश, दोनदा. मग त्यानं आपला शब्द पुन्हा हातात घेतला, आणि शेजारचा म्हातारा वळून बघत होता तरी, त्याच्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली तरी, तो तिथेच, ‘ह’वर, पाय रोवून उभा राहिला. त्याला असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. कपाळाची शीर उभी राहिली होती. आणि ती, जिला याची वेदना जगात सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवी, तीच आतून तडफडत होती, याला शब्द द्यावा, कुठलाही द्यावा, हे थांबवावं. आईची तडफड, मेरेटेची तडफड तिच्या स्वतःच्या ओठांवर आली होती. ती भलेपणाची नव्हतीच. ती फक्त घाई होती.

‘हसतील,’ फ्लेमिंग म्हणाला. ‘लोक हसतील तुला. मला तेच म्ह— म्हणायचं होतं. हरणं वेगळं.’

‘चुकलं माझं.’

‘हं.’

मासा एव्हाना सुटून गेला होता. तिनं रिकामा गळ वर ओढला आणि दोरा गुंडाळत राहिली. चूक तिची होती, तो बरोबर होता, आणि तरीही तिला आतून काहीतरी टणक वर येताना जाणवलं. हा आपला बाप, याच्यावर तिचा जगात सगळ्यांत जास्त जीव, आणि हा तिला सांगतोय की धुलाईघर बरं. तिथं कुणी हसत नाही. तिथं चादरी असतात.

‘हसू देत,’ ती म्हणाली. ‘हसून झालं की पु— पुढचं बोलेन.’

‘सोपं वाटतं.’

‘सोपं नाहीच. मी घेणार आहे.’

फ्लेमिंगनं आपला गळ वर घेतला आणि पुन्हा लांब फेकला. हो तो म्हणाला नाहीच, तेव्हाही आणि नंतरही नाही. पण परतताना, माशांची पिशवी सायकलला अडकवत, म्हणाला, ‘मग मोठ्यानं बोल. आपण ह— हळू बोललो की लोक जवळ येतात. मदत करायला.’

सोमवारी ती मेरेटेपुढे उभी राहिली. बसली नाही. ‘शुक्रवारी तू चुकीचा शब्द भरलास,’ ती म्हणाली, ‘आणि मी हो म्हटलं. ते काढून टाक. मला युक्तिवाद हवाय.’ हे बोलायला जितका वेळ लागला तितका लागला. मेरेटेच्या चेहऱ्यावरचं हसू आधी गोंधळलं, मग विझलं, आणि त्याखालचा चेहरा चांगलाच थकलेला आणि साधा निघाला. ‘अरे देवा,’ ती म्हणाली, ‘मला किती वाईट वाटतंय. मी तुझ्या भल्यासाठीच... तू तेव्हाच का नाही सांगितलंस?’ एरवी डाग्नी म्हणाली असती, काही नाही. ते दोन शब्द जिभेवर तयारच होते. तिनं ते गिळले आणि मेरेटेला वाईट वाटू दिलं. त्यात तिला थोडी मजाही आली. मेरेटेनं नाक पुसलं, संगणकात पाहिलं. युक्तिवादाचा वर्ग भरला होता. एका मुलानं विषय सोडल्यामुळे एकच जागा होती, आणि ती कुणाला द्यायची ते शिकवणारा स्वतः ठरवणार होता. ‘थोरसागेर,’ मेरेटे म्हणाली, आवाज खाली आणून. ‘तो जरा... तसा आहे. मी आधी त्याला फोन करून तुझ्याबद्दल सांगू का?’

‘नको,’ डाग्नी म्हणाली. ‘माझ्याबद्दल मीच सांगेन.’

थोरसागेरनं उभी हयात आरोपींचे खटले लढवले होते आणि आता म्हातारपणी तो शिकवत होता. लांब, वाळका माणूस. नाकावर जाड चष्मा. ती गेली तेव्हा तो कागदात गुंडाळलेला काळा पाव खात होता. तिथे प्रोफेसरालाही सगळे तूच म्हणत, तरी त्याला तू म्हणताना मुलं किंचित चाचरत.

‘बोल.’

‘मला तुझ्या व— वर्गातली जागा हवी. यु—’

कडी पडली. डावा डोळा मिटला. उघड्या डोळ्यानं ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं चावणं थांबलं. त्यानं शब्द दिला नाही, मान कलती केली नाही, नजरही वळवली नाही; सायकलवर बसलेला माणूस लाल सिग्नलकडे बघतो, तसा तो बघत होता, हिरवा होणारच आहे हे ठाऊक असल्यासारखा, आणि किंचित कंटाळलेला. तिला तो कंटाळा फार आवडला.

‘युक्तिवाद,’ ती म्हणाली.

‘ती जागा आणखी दोघंजण मागतायत. दोघंही घडाघडा बोलतात.’ त्यानं घास गिळला. ‘मी सरळ विचारतो. समज, तुझा पक्षकार तुरुंगात जायच्या बेतात आहे. तू उभी राहतेस आणि हे होतं. तो म्हणतो, मला दुसरा वकील द्या. काय सांगशील त्याला?’

हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळे तिची काळजी करत होते. तिच्या पक्षकाराची काळजी आजवर कुणालाच नव्हती. तिला एकदम वाटलं की तो पक्षकार खरोखरच कुठेतरी आहे, बाकावर बसलाय, घाम पुसतोय.

‘सांगेन, दुसरा माग, तुझा ह— हक्क आहे. पण आधी मला ऐक. तू मला काय काय सांगितलंस ते सगळं मला पाठ आहे. मी तुला कुठंच मधे तोडलं नाही.’

‘आणि न्यायाधीश? त्याला जेवायला जायचं असतं.’

‘कोर्टात सगळे वाटच बघतात. क— कागदांची बघतात, साक्षीदाराची बघतात, न्यायाधीश जेवून यायची बघतात. माझीही बघतील.’

थोरसागेरनं कागदाची घडी केली. ‘परीक्षेत मी वेळ सगळ्यांना सारखाच देतो.’

‘मला जास्त मिळतो. नियम आहे.’

‘ती सवलत तू घेणार? माझी समजूत होती, तू जरा ताठ आहेस.’

‘सवलत न— नाही ती. तू परीक्षेत कुणाला चष्मा काढून ठेवायला सांगतोस का?’

त्याचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. तो हसला नाही. ‘सप्टेंबरात ये,’ तो म्हणाला. ‘आणि एक लक्षात ठेव. धीट मुलगी, शूर मुलगी, असलं काही मी म्हणत नाही. वाईट बोललीस तर वाईट म्हणेन.’

बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकली. विटा उन्हानं तापल्या होत्या. विषय मिळाला होता, आणि मिळताक्षणी तो विषय म्हणजे काय ते तिला कळलं: दर आठवड्याला एका खोलीत उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत अडायचं. भीती तर वाटलीच. पण ती भीती खसखशीच्या चवीची नव्हती. तिची स्वतःची होती, ताजी होती.

सप्टेंबरातला तिचा पहिला खटला भाडेकरू विरुद्ध घरमालक असा होता. घराच्या भिंतींना बुरशी आलेली. डाग्नी भाडेकरूच्या बाजूनं, येप्पे मालकाच्या. न्यायाधीशाच्या जागी थोरसागेर. येप्पे आधी बोलला, झऱ्यासारखा. भाडेकरूनं खिडक्याच उघडल्या नाहीत, म्हणून बुरशी आली, असं त्याचं म्हणणं. मग ती उभी राहिली. मोठ्यानं बोलायचं, हे तिनं ठरवलं होतं. त्यामुळे ती अडायचीही मोठ्यानं. पहिल्या वाक्यालाच मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, नाकातून, आवरता न आल्यासारखं. फ्लेमिंग बरोबर होता. ती थांबली. हसणाऱ्याकडे बघितलं, त्याचं हसून होईपर्यंत. ते व्हायला फारसा वेळ लागला नाही. एका माणसाला शांत खोलीत एकट्यानं फार वेळ हसता येत नाही, हे तिला नव्यानंच कळलं. मग ती पुढे बोलू लागली. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी ‘बु—’ आलं आणि दार लागलं.

‘बु— बु—’

‘बुरशी,’ येप्पे हलकेच म्हणाला. चांगला मुलगा होता. आणि या वेळी शब्द बरोबर होता. अगदी तोच. उचलायचा आणि पुढे जायचं. खोलीतल्या सगळ्यांनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला. चुकीच्या शब्दाला नाही म्हणणं तिनं एव्हाना शिकून घेतलं होतं. बरोबर शब्दाला नाही म्हणायला भलताच जोर लागला.

‘न्यायाधीश महाराज,’ ती म्हणाली, ‘माझं बो— बोलणं चालू आहे. विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी माझ्या तोंडात शब्द घालू नयेत.’

आता सगळा वर्ग हसला. येप्पेही, कानापर्यंत लाल होऊन. ‘मान्य,’ थोरसागेर म्हणाला आणि पेन खाली ठेवलं. ती पुन्हा ‘बु’वर गेली. तिथं ती किती वेळ होती कोण जाणे. खिडकीबाहेर ओकची फळं सायकलींच्या छपरावर टपटपत होती, कुणाची तरी खुर्ची कुरकुरली, तिच्या बगलेतून घामाचा एक ओघळ कमरेपर्यंत गेला. तिनं मान हलू दिली नाही. ‘बुरशी,’ ती म्हणाली, ‘खिडक्यांमुळे आली की भिंतींमुळे, हे सिद्ध करायची ज— जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूची नाही.’ आणि शेवटपर्यंत बोलली.

थोरसागेरनं निकाल येप्पेच्या बाजूनं दिला.

‘पहिले दोन मुद्दे ठीक,’ तो म्हणाला. ‘तिसरा कच्चा. पुराव्याची जबाबदारी मालकाची, हे तू नुसतं म्हणालीस. का, ते सांगितलंच नाहीस. खटला तिथं गेला. पुढचा खटला गुरुवारी.’ तो उठला, पिशवी खांद्याला लावली आणि सायकलचं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मुलं पांगू लागली. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारून ‘शाबास गं’ म्हणालं, ते तिला ऐकूही आलं नाही. ती जागेवर उभी होती, आणि तिचं अंग तापलं होतं. बोलण्याबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नव्हतं. मुद्दा कच्चा, म्हणे. तिसरा मुद्दा! ज्याच्यासाठी तिनं आठवडाभर निवाडे वाचले होते! कारण होतं तिच्याजवळ, भक्कम होतं. ‘बु’शी झगडता झगडता सांगायचं राहून गेलं होतं, पण म्हणून मुद्दा कच्चा कसा? आजवर तिच्या जिभेवर लोकांनी दया केली होती, तिच्या अकलेला कुणी कधी खोटं पाडलं नव्हतं. तिला असा संताप आला, इतका स्वच्छ, इतका सुरेख संताप, की ती बाकांमधून जवळजवळ धावतच गेली आणि दारात, त्याची वाट अडवून, उभी राहिली.

‘मुद्दा क— क— क—’

थोरसागेर हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली धरून थांबला.

‘कच्चा नव्हता,’ ती म्हणाली. ‘निकाल चुकलाय तुझा. का ते सांगते. वे— वेळ लागेल.’

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या होत चाललेल्या खोलीकडे. पट्टा सोडला, हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसला.